तोंड आभाळाकडे, तरी दम का लागतो?

उन्हाळा लागला की माझ्या दवाखान्यात एक ठरावीक प्रश्न येऊ लागतो. गुडघे झिजलेली, कंबर धरलेली आणि 'वजन कमी करा' हा सल्ला ऐकून कंटाळलेली साठी-सत्तरीची मंडळी विचारतात, "डॉक्टर, चालवत नाही; मग पोहायला जाऊ का?" हृदय, रक्तदाब आणि साखर तपासून हरकत नसेल तर मी आनंदाने होकार देतो. पाणी शरीराचा भार उचलते. त्यामुळे सांध्यांना विसावा मिळतो, स्नायूंना मात्र काम मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने पासष्टीपुढील व्यक्तींनाही आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवला आहे. गुडघ्यांमुळे ज्यांना तो चालून पूर्ण करता येत नाही, त्यांच्यासाठी तलाव हा उत्तम पर्याय आहे. त्यातही श्वासासाठी दर वेळी मान वळवण्याची कसरत नको, म्हणून मी पुष्कळांना उताणे पोहण्याचा, म्हणजेच बॅकस्ट्रोकचा, सल्ला देतो. "त्यात तोंड वरच असते, श्वासाची काळजी नाही," हे वाक्यही मी त्या सल्ल्याला वर्षानुवर्षे जोडत आलो होतो.

ते वाक्य मी आता उच्चारत नाही. का, ते सांगण्यासाठी आजचा हा लेख.

एकच तक्रार, दोन कारणे

काही उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. सदुसष्ट वर्षांचे एक निवृत्त शिक्षक माझ्या सल्ल्यावरून तलावावर जाऊ लागले आणि दहाव्या दिवशी परत आले. म्हणाले, "डॉक्टर, तोंड आभाळाकडे आहे, नाकात पाणी नाही, तरी अर्धे अंतर जाईतो छाती भरून येते. काठ धरल्याशिवाय जिवाला चैन पडत नाही." नाडी, रक्तदाब, ईसीजी, सारे ठीक होते. मी त्यांना तपासणीच्या टेबलावर उताणे झोपवले आणि पोहताना फिरवता तसे हात फिरवा, असे सांगितले. दहा-बारा हात होईपर्यंत मी केवळ त्यांच्या छातीकडे पाहत होतो. त्यांनी आरंभी एक भरपूर श्वास घेतला होता आणि तो सोडलाच नव्हता. त्या भरलेल्या छातीवरच ते लहान लहान श्वास चढवत होते. चेहरा लाल झाला, जबडा आवळला गेला आणि ते उठून बसले. "हेच, अगदी हेच होते," ते म्हणाले. त्यांना मी श्वास सोडायला शिकवले. पंधरा दिवसांत त्यांची तक्रार मिटली.

त्याच महिन्यात बहात्तर वर्षांचे दुसरे एक गृहस्थ पत्नीसह आले. तक्रार जवळजवळ शब्दशः तीच. नुकतेच एक कोडे सुटल्याच्या समाधानात असलेल्या मी त्यांनाही श्वास सोडण्याचे तेच पाठ सांगण्यास सुरुवात केली. उठता उठता काकू म्हणाल्या, "डॉक्टर, पोहण्याचे राहू द्या, पण हे हल्ली रात्री तीन उशा घेतात हो. आडवे झाले की खोकला येतो यांना." मी कागदावरचा हात उचलला. त्यांना पुन्हा टेबलावर घेतले. घोट्यांवर सूज होती, बोटाने दाबल्यावर खळगा राहत होता आणि फुफ्फुसांच्या तळाशी स्टेथोस्कोपमधून बारीक करकर ऐकू येत होती. हृदयाची सोनोग्राफी केल्यावर हृदयाचा पंप क्षीण झाल्याचे स्पष्ट झाले. त्यांना श्वासाचा धडा नको होता. हृदयविकाराचे उपचार हवे होते. ते वेळेवर मिळाले आणि आज ते सुखरूप आहेत. परंतु 'रात्री किती उशा लागतात?' हा प्रश्न मी विचारायला हवा होता. तो विचारावा लागला नाही, कारण त्याचे उत्तर काकूंनी आपणहून दिले.

उताणे पोहताना दम लागणे म्हणजे बहुधा श्वासाची चुकलेली लय असते. परंतु क्वचित ती हृदयाची हाक असते. या दोहोंतला फरक ओळखणे आणि पहिली चूक दुरुस्त करणे, एवढ्यासाठीच पुढील विवेचन आहे.

पाण्यात छातीवर काय घडते?

मानेपर्यंत पाण्यात उभे राहिले की पाण्याचा दाब पायांतील व पोटातील रक्त वर ढकलतो. सुमारे ७०० मिलिलिटर इतके रक्त छातीच्या भागात अधिकचे येते. निरोगी हृदय हा भार सहज पेलते. क्षीण हृदयाला मात्र तो जड जातो आणि फुफ्फुसांत पाणी साचू लागते. तोच दाब बरगड्यांना बाहेरून आवळतो, त्यामुळे प्रत्येक श्वासासाठी स्नायूंना जास्त श्रम पडतात. 'पाण्यात उतरल्यावर छातीला पट्टा बांधल्यासारखे वाटते,' असे नवशिके म्हणतात, ते अगदी खरे असते.

उताणे झाल्यावर छाती पृष्ठभागाजवळ येते आणि बाहेरचा दाब कमी होतो. पण आडवे होण्याचा स्वतःचा असा परिणाम असतोच. पोटातील अवयव छाती व पोट यांमधील पडद्याला, म्हणजे श्वासपटलाला, वर रेटतात. पोट सुटलेले असेल तर हा रेटा अधिक. पोट भरलेले असेल तर आणखी अधिक. म्हणून जेवणानंतर किमान दोन तास तरी तलावात उतरू नये.

आता तिसरी गोष्ट. फुफ्फुसांतील हवा हाच पाण्यावरील आपला भोपळा होय. पूर्वी विहिरीत पोहायला शिकताना पाठीला सुकलेला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधत. तेच काम भरलेली छाती करते. श्वास घेतला की शरीर वर येते, सोडला की किंचित खाली जाते. नवशिक्याला हे खाली जाणे जाणवते, तो घाबरतो आणि हवा धरून ठेवतो. श्वास रोखण्याचे मूळ या भीतीत आहे. वास्तविक कितीही जोर लावून उच्छ्वास केला तरी प्रौढ पुरुषाच्या फुफ्फुसांत सुमारे सव्वा लिटर हवा शिल्लक राहतेच. साध्या, सैल उच्छ्वासानंतर तर त्याहून पुष्कळ अधिक राहते. श्वास सोडल्याने माणूस दगडासारखा तळाशी जात नाही. पायांची हलकी हालचाल चालू असेल तर तो तरंगतच राहतो.

हवा धरून ठेवली की रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढतो. 'श्वास घे, श्वास घे' अशी तगमग त्यामुळेच होते. पण भरलेल्या छातीत नवी हवा जाणार कोठे? गुदमरल्यासारखे वाटते ते हवा मिळत नाही म्हणून नव्हे, जुनी हवा बाहेर पडत नाही म्हणून. जुना दमा किंवा धूम्रपानाने फुफ्फुसे सैल झालेल्यांच्या बाबतीत हे विशेषच घडते, कारण त्यांच्या छातीत मुळातच हवा अडकून राहते. शिवाय श्वास कोंडून जोर लावल्याने रक्तदाब क्षणात वर-खाली होतो. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांनी ते टाळलेलेच बरे.

लय : एक हात श्वासाचा, एक हात उच्छ्वासाचा

उताणे पोहण्यातील श्वासाचा नियम सोपा आहे. एक हात पाण्याबाहेर येऊन डोक्यामागे जात असताना तोंडाने श्वास घ्यावा. दुसरा हात तसाच जात असताना नाकाने सोडावा. श्वासाचा हात कोणता, हे आपल्या सोयीने ठरवावे. मात्र एकदा ठरवल्यावर बदलू नये.

श्वास तोंडाने का? तोंडाने पुरेशी हवा चटकन आत येते आणि नाकात उडालेले पाणी आत ओढले जात नाही. उच्छ्वास नाकाने का? बाहेर पडणारी हवा नाकातील पाणी परतवून लावते. उताण्या स्थितीत नाकपुड्या आभाळाकडे उघड्या असतात. थोडेसे पाणी शिरले तरी कपाळात झिणझिण्या येतात. उच्छ्वासाच्या वेळी तोंड मिटून 'हूं' असा बारीक हुंकार करावा. हुंकार चालू आहे तोवर हवा बाहेर जात आहे, याची खात्री आपल्यालाही राहते. तरीही पाणी शिरतच असेल तर नाकाला लावायचा चिमटा मिळतो. मग श्वास व उच्छ्वास दोन्ही तोंडाने करावेत. तोंडात पाणी उडाले तर आत श्वास न ओढता आधी 'फू' करून ते बाहेर टाकावे.

श्वास छाती ताणून भरपूर घेण्याची गरज नाही. सहज, पोट हलेल इतका पुरे. उच्छ्वासही रिकामे होईपर्यंत ढकलू नये. मान सरळ, हनुवटी किंचित छातीकडे, कान पाण्यात आणि दृष्टी वर स्थिर असावी. डोके मागे टाकले तर नाकावर पाणी येते आणि मानेचा स्पॉन्डिलोसिस असलेल्यांची मान दुखते. डोके उचलून पायांकडे पाहिले तर कंबर बुडते, पोट आवळले जाते आणि श्वास तुटतो.

ज्यांचा खांदा आखडलेला आहे (मधुमेहींमध्ये हे वारंवार आढळते), त्यांनी हात डोक्यामागे फिरवण्याचा आग्रह धरू नये. त्यांच्यासाठी उताणे पोहण्याचा एक साधा प्रकार आहे. दोन्ही हात एकदम, पाण्याबाहेर न काढता, अंगालगत खांद्यापर्यंत वर आणावेत, बाजूला पसरावेत आणि मांड्यांकडे ढकलावेत. मग क्षणभर नुसते घरंगळत जावे. हात वर आणताना श्वास, ढकलताना व घरंगळताना लांब उच्छ्वास. या प्रकारात घाई नाही, पाणी फारसे उडत नाही आणि उच्छ्वासाला आपोआप अधिक वेळ मिळतो. माझ्या मते सत्तरीनंतर हाच प्रकार अधिक श्रेयस्कर.

आधी अंथरुणावर, मग पाण्यात

तलावाचे शुल्क भरण्यापूर्वी घरीच एक परीक्षा करावी. एकही उशी न घेता सपाट अंथरुणावर दहा मिनिटे उताणे पडावे. दम लागला, खोकला आला, उठून बसावेसे वाटले, तर तलावाआधी डॉक्टरांकडे जावे. उताणे होताना किंवा मान मागे नेताना खोली गरगर फिरल्यासारखी वाटली, तर ते कानातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या बिघाडाचे लक्षण असू शकते. जमिनीवर ही चक्कर केवळ त्रासदायक असते. पाण्यात वर-खाली हेच कळेनासे होते आणि ती जिवावर बेतू शकते. परीक्षा निर्विघ्न पार पडली तर त्याच अंथरुणावर हात फिरवत श्वास-उच्छ्वासाची लय पाच मिनिटे बसवावी.

तलावात पहिले दोन-तीन दिवस छातीइतक्या पाण्यात कठडा धरून नुसते उभे राहावे आणि दाब अंगवळणी पडू द्यावा. पाणी गार असेल तर एकदम उतरू नये; गार पाण्याच्या स्पर्शाने धाप लागल्यासारखे श्वास आपोआप सुरू होतात. आधी हातपाय, मग चेहरा व छाती ओली करावी आणि श्वास शांत झाल्यावरच उताणे व्हावे. त्यानंतर प्रशिक्षकाच्या तळव्यांचा डोक्याला व पाठीला आधार घेऊन तरंगावे, मग केवळ पाय मारावेत आणि शेवटी हात.

एक गोष्ट मात्र सर्वांआधी शिकावी : उताण्या स्थितीतून उभे राहणे. ज्येष्ठांची सर्वांत मोठी घाबरगुंडी येथेच उडते. गुडघे छातीकडे ओढावेत, हनुवटी पुढे आणावी, दोन्ही तळव्यांनी पाणी पाठीकडून पुढे ओढावे आणि शरीर सरळ झाल्यावरच पाय तळाला टेकवावेत. हे करताना श्वास सोडत राहावे. ज्याला हे जमते त्याची भीती निम्म्याने उतरते आणि भीती उतरली की श्वास रोखण्याची सवयही सुटते.

प्रत्येक लांबीनंतर थांबावे आणि कोणाशी तरी एक पूर्ण वाक्य बोलावे. वाक्य न तुटता पुरे झाले तर गती योग्य. मध्ये दम घ्यावा लागला तर गती कमी करावी.

तीन गोष्टी कटाक्षाने टाळा

पहिली : तलावाच्या काठावर कपालभाती किंवा भस्रिका करून लगेच पाण्यात उतरणे. आपल्याकडे सकाळच्या वेळी हे दृश्य दुर्मीळ नाही. प्राणायामाला माझा विरोध नाही. मात्र वेगवान श्वासांनी रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि श्वास घेण्याची सूचना मेंदूला उशिरा मिळते. अशा वेळी पाण्याखाली श्वास रोखला तर तगमग होण्यापूर्वीच शुद्ध हरपू शकते. पट्टीचे पोहणारे तरुणही असे दगावतात. प्राणायाम घरी करावा, तलावावर नाही.

दुसरी : पाण्यात कुंभक. हठयोगप्रदीपिकेत सांगितलेल्या आठ कुंभकांमध्ये 'प्लाविनी' हा पाण्यावर तरंगण्याशी जोडलेला प्रकार आहे. त्याचे नाव घेऊन तलावात प्रयोग करणारे एक-दोन रुग्ण मला भेटले आहेत. ज्येष्ठांनी या वाटेस जाऊ नये.

तिसरी : नातवंडांची बरोबरी. स्पर्धेतील जलतरणपटू भिंतीला पायाने रेटा देऊन पाण्याखालून दूरवर जातात. उताणे पोहणे १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकपासून स्पर्धेत आहे; आज प्रारंभी व प्रत्येक वळणानंतर १५ मीटरपर्यंतच पाण्याखाली राहण्याची मुभा आहे. त्या १५ मीटरांत श्वास रोखलेला असतो. तो त्यांच्या वयाचा आणि सरावाचा खेळ आहे. आपण भिंत येण्यापूर्वी गती कमी करून हात मागे न्यावा आणि काठ धरावा. आजकाल पुष्कळ तलावांवर भिंतीपासून ५ मीटरवर आडव्या पताका लावलेल्या असतात; त्या डोक्यावरून गेल्या की काठ जवळ आला असे समजावे. पताका नसतील तर काठावरच्या व्यक्तीने खूण करावी, अन्यथा डोके भिंतीवर आदळते.

काठावर बसणाऱ्यांसाठी

ज्येष्ठांबरोबर जाणाऱ्या मुला-सुनांनी व मदतनीसांनी मोबाइल पिशवीत ठेवावा. उताणे पोहणाऱ्याचे कान पाण्यात असतात, श्रवणयंत्र घरी ठेवलेले असते. हाक त्याला ऐकू जात नाही. 'थांबा' यासाठी हाताची एक खूण आधीच ठरवून ठेवावी. पोहताना जबडा आवळलेला दिसला, चेहरा तांबडा झाला, हात घाईने पडू लागले तर श्वास रोखला जात आहे असे समजून थांबवावे. ओठ निळसर वाटले, छातीत दुखू लागले, एकाएकी खोकल्याची उबळ येऊन फेसाळ किंवा गुलाबी कफ पडला, तर लगेच पाण्याबाहेर काढून बसवावे, आडवे करू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपली असेल तर अर्थातच जीवरक्षकाला तत्काळ हाक मारावी.

पाण्याबाहेर येतानाही घाई नको. पाण्याचा दाब एकाएकी सुटला की रक्तदाब उतरतो आणि शिडीवरच भोवळ येते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर कठडा धरून सावकाश चढावे आणि दहा मिनिटे बसावे. पाण्यात लघवी अधिक तयार होते, म्हणून उतरण्यापूर्वी लघवीला जाऊन यावे आणि पोहून झाल्यावर पाणी प्यावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जवळ साखर ठेवावी. कानाच्या पडद्याला छिद्र असेल, अपस्मार असेल किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय तलाव वर्ज्य समजावा.

माझे ते शिक्षक रुग्ण आजही पोहतात. वेगाने नाही; दोन लांबी आणि विश्रांती, दोन लांबी आणि विश्रांती. दुसरे गृहस्थ उपचारांनंतर सकाळ-संध्याकाळ सपाटीवर चालतात. हृदयरोगतज्ज्ञांनी अनुमती दिल्याखेरीज पाण्यात उतरायचे नाही, हे त्यांनी मनावर घेतले आहे. रात्री त्यांना आता एकच उशी पुरते, असे काकू सांगतात. दर भेटीत मी तो प्रश्न प्रथम विचारतो. वाचकहो, आपल्या घरातील ज्येष्ठांना तलावावर नेण्यापूर्वी आपणही तो विचारावा.